फुलाला पंख चिकटवायलाच हवेत का?

सडेकर:
परवा इथल्याच एका ताईंनी लिहिलं, 'मुलीला फुलपऱ्यांची इंग्रजी चित्रकवितांची पुस्तकं आणली. आपल्याकडे असं काहीच नाही. गोव्याच्या रानफुलांच्या पऱ्या कुणीतरी काढा.' उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

ताई, परी कशाला? श्रावणात आमच्या सड्यावर, म्हणजे कातळपठारावर या. कातळावर बोटभर पाणी आणि त्यात सीतेची आसवं, निळी-जांभळी रानफुलं. दिसायला अगदी गरीब. खाली मात्र नजरेत न भरणारे बारीक फुगे, त्यांत पाण्यातले जीव ओढून ती वनस्पती पचवते. पाच वर्षांच्या पोराला हे सांगा, परीबिरी विसरेल. गोऱ्या पोरीला पाकळ्यांचा झगा घातला की फूल दिसायचं बंद होतं, पोरगीच दिसते.

वाचनवेडी:
त्या ताई मीच. आधी पुस्तक उघडून बघा, मग बोला. इंग्लिश चित्रकर्ती सिसिली मेरी बार्करचं पहिलं फुलपऱ्यांचं पुस्तक 1923 चं. लंडनच्या क्यू वनस्पती बागेतली माणसं तिला फुलं आणून द्यायची, समोर ठेवूनच ती रंगवायची. पऱ्यांसाठी समोर बसवलेली मुलं म्हणाल तर बहिणीच्या बालवाडीतली, खरीखुरी. माझी सहा वर्षांची लेक आता म्हापशाच्या रस्त्यावर गटारापाशी थांबून विचारते, 'आई, ह्या फुलाची परी कशी असेल?' तुमच्या फुग्यांनी ती थांबली नसती, पळाली असती.

निवृत्त मास्तर:
इंग्रजांना पऱ्यांचं वेडच. 1917 मध्ये दोन मुलींनी कागदी पऱ्या कापून फोटो काढले आणि खुद्द शेरलॉक होम्सचा जनक फसला! कबुली आली 1983 मध्ये. बाकी माझ्या नातवाला तेरडा म्हटलं तर मोबाइल काढतो. मराठी शाळा ओस पाडल्यात, दुसरं काय होणार?

वाचनवेडी:
मास्तर, विषय पऱ्यांचा आहे. प्रत्येक धाग्यावर शाळा नको.

फोंड्याचो:
फुलं उरली तर पऱ्या काढाल ना! चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारात उभे राहा. गणपतीवर रानफळाफुलांची माटोळी टांगायची म्हणून काय काय येतं बघा. कांगणीचे भारे, कवंडळं, हरणांची फुलं तर मुळासकट उपटलेली. माझा बाबा वेलीचं एकच टोक तोडायचा. मी दुसऱ्याला हात घातला की म्हणायचा, 'फुडल्या वर्साक दवर.' पुढच्या वर्षासाठी ठेव.

सडेकर:
माटोळीला नावं ठेवू नका. गणपतीच्या डोक्यावर टांगलेलं तेच आमचं चित्रपुस्तक. पोरं मान वर करून नावं शिकली ती तिथेच.

फोंड्याचो:
शिकली, कारण स्वतः रानात जायची. आता बक्षिसासाठी किती प्रकार टांगले ते मोजतात. तुमची माटोळी कुठून येते हो? खरं सांगा.

सडेकर:
वैयक्तिक होऊ नका.

फोंड्याचो:
म्हणजे बाजारातून.

सडेकर:
हो, गेल्या वर्षी विकत घेतली! गुडघा गेलाय माझा, डोंगर चढवत नाही. झालं समाधान? सड्यावर डोझर फिरतो तेव्हा तुम्ही कुठे असता? एका म्हातारीने चार वेली बाजारात आणल्या तर लगेच निसर्गप्रेम.

फोंड्याचो:
म्हातारीला मी बोललो नाही. मुळासकट उपटणाऱ्यांना बोललो. गुडघ्याचं वाईट वाटलं, ते मात्र खरं.

वाचनवेडी:
तुमचं संपलं असेल तर एक सांगते. माझ्या मावसभावाने लहानपणी कळलावीचा कंद रताळं समजून चावला. जेमतेम एक घास, पण रात्रभर ओकत होता, मावशीने देव पाण्यात ठेवले. 'विषारी असतं' हे त्याला आधी दहादा सांगून झालं होतं. बार्करच्या 1926 च्या पुस्तकात विषारी फळांची परी स्वतःच बजावते, मला खाऊ नका. तशी कळलावीची परी आमच्या घरात टांगलेली हवी होती.

सडेकर:
ठीक. कळलावीपुरती परी मंजूर, मेहरबानी म्हणून. पण तिच्या पानाचं टोक बघा, आकड्यासारखं वळतं आणि कुंपण धरतं. परीचे हात तसे काढा. नऊवारी नको, नथ नको. पंख तर नकोतच.

वाचनवेडी:
हात घेतले. पंख राहतील. तिच्या पाकळ्या आधीच ज्वाळांसारख्या मागे वळलेल्या असतात, मी वेगळे कुठून चिकटवू?