जायकवाडी अर्धं रिकामं, तरी खाली पूर कसा?
कोणीतरी विचारलंय की पैठणला जायकवाडी धरण निम्मंही भरलेलं नसताना खाली तेलंगणातल्या भद्राचलमला गोदावरीला पूर येतोच कसा. याचं उत्तर उपनद्यांत आहे.

नदी १,४६५ किमी लांब असली तरी तिचा वरचा भाग तसा गरीबच. त्र्यंबकला धो धो पाऊस, पण नाशिक ओलांडलं की पर्जन्यछाया सुरू. त्यातून दारणा, गंगापूर, प्रवरेवरचं भंडारदरा, मुळा ही धरणं आधी पाणी अडवतात आणि उरलंसुरलं नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, येतं. नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हे भांडण दर दुष्काळात पेटतं ते यामुळेच. शिवाय नाथसागर पसरट आणि उथळ, त्यामुळे बाष्पीभवनही भरपूर.

खरी गंमत गडचिरोलीतल्या सिरोंच्याजवळ. तिथे डावीकडून प्राणहिता मिळते. ती स्वतः जेमतेम ११३ किमी, पण वर्धा, पैनगंगा, वैनगंगा या तिघींचं, म्हणजे विदर्भाच्या बऱ्याच मोठ्या भागाचं आणि मध्य प्रदेशातल्या काही भागाचं पाणी घेऊन येते. थोडं पुढे बस्तरहून इंद्रावती. भद्राचलमला दिसतो तो पूर बहुतेक या दोघींचा, त्र्यंबकच्या पाण्याचा त्यात वाटा नगण्य.

म्हणून 'गोदावरीचं पाणी वाया जातं, ते जायकवाडीत का अडवत नाही' हा प्रश्न मला पटत नाही. ते पाणी जायकवाडीच्या कितीतरी खाली नदीत येतं, आणि तेही सखल प्रदेशात. ते मराठवाड्यात आणायचं तर उपसावं लागेल, आणि मग विजेचं बिल कोण भरणार ते आधी ठरवा.