चवथीला दादाशी वाजलं, आता विषय कसा काढू?

फोंड्याचा धाकटा
मी मडगावला, दादा फोंडा तालुक्यात मूळ घरी. बाबा जाऊन चार वर्षं झाली. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधताना मी सहज म्हटलं, कौलं काढून पत्रे घालूया, दर मे महिन्यात शाकारणीची कटकट नको. दादा स्टुलावर होता, हातात सुपारीचं शिपटं. वळलासुद्धा नाही. "वर्षाला पाच दिवस येणाऱ्याने छपराचं बोलू नये." मग माझंही डोकं फिरलं. "घर तुझ्या एकट्याचं नाही, कोर्टात वाटणीची इन्व्हेंटरी घालतो," असं बोलून गेलो. आत आई नेवऱ्या तळत होती, तिने गॅस बंद केला. आरतीला दोघे शेजारी उभे, पण एकमेकांकडे बघितलं नाही. दिवाळीला फोव, म्हणजे पोहे, खायला जायचंय. मला वाटणी नकोय हो, खरंच.

जुना कारकून
एका वकिलाकडे अठ्ठावीस वर्षं लिहिण्याचं काम केलं, म्हणून सांगतो. तुम्ही कौलांचं बोललात, दादाने कोर्ट ऐकलं. आपल्याकडे गोव्यात वडील गेले की साधारण अर्धं आईचं, उरलेल्या अर्ध्यात मुलगे-मुली सारखे. लग्नाची संपत्ती सामाईक असेल तर विकायला सून-जावयाचीही सही लागते. एकमत झालं तर वाटणीचा दस्त. नाही झालं तर इन्व्हेंटरी, आणि वाटून न होणाऱ्या घरावर वारसांतच बोली लागते. म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याचं घर. गावात राहणाऱ्या भावाला हे पक्कं ठाऊक असतं.

आमच्याकडे दोन भाऊ एका माडावरून अकरा वर्षं आले. मध्ये एका पावसात माड पडला, खटला उभाच.

तेव्हा आधी तो शब्द मागे घ्या, आईसमोर घ्या. कौलांचं त्या दिवशी नको. नंतर घरापुढच्या बाल्कांवात बसून विचारा, यंदा शाकारायला कोण आलं, किती दिले. उत्तर पुरतं ऐका. मध्येच "पण पत्रा स्वस्त पडतो" नको.

वाळपईची माहेरवाशीण
बहीण नाही का हो तुम्हाला? दोघांच्या भांडणात कुठे दिसली नाही. "शांतपणे बोल" हे मला माहेरी दर चवथीला ऐकवतात, त्याचा अर्थ गप्प बस. मी गप्प बसत नाही, पण भावाला लोकांसमोर उत्तरही देत नाही. "मला पटलेलं नाही, जेवण झाल्यावर विहिरीकडे ये," एवढंच. तो येतो. कुरकुरत येतो. दोनदा माझंच चुकलं होतं, तसं सांगितलं. एकदा त्याचं. त्याने अजून कबूल केलेलं नाही, चालायचंच.

फोंड्याचा धाकटा
ताई आहे, म्हापशाला. तिला खरंच विचारलं नव्हतं. काल फोन केला. म्हणाली, मे महिन्यात दादा छपरावरून घसरला, पंधरा दिवस पाय सुजलेला. मला सांगू नको म्हणून आईला बजावलं होतं. आणि मी त्याला शाकारणीची "कटकट" म्हणालो.

आज दादाला फोन लावला. वयनीने उचलला. "ते मागीलदारी माडाची चुडतं ओढताहेत, थोड्या वेळाने करा." करतो.