समुद्रातल्या पवनचक्क्यांची केबल कोणाच्या मालकीची असावी?

गलबत:
जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॅटच्या पवनप्रकल्पांसाठी 7,453 कोटींची योजना मंजूर केली. सगळी चर्चा चालते ती वीजदरावर. मला काळजी वाटते ती समुद्रातल्या उपकेंद्राची आणि तिथून किनाऱ्यावर येणाऱ्या केबलची. हे काम बोली न लावता थेट पॉवरग्रिड या केंद्राच्या पारेषण कंपनीकडे सोपवलंय. मालकी सरकारी कंपनीकडे असावी हे मला मान्य आहे. फक्त केबल उशिरा आली तर त्याचा भुर्दंड कंपनीच्या नफ्यातून वसूल व्हावा, लोकांच्या बिलातून नव्हे.

असं म्हणण्याचं कारण जर्मनी. तिथे समुद्रातली जोडणी पुरवणं ही पारेषण कंपनीची कायदेशीर जबाबदारी. उत्तर समुद्राचा भाग टेनेट या डच सरकारच्या मालकीच्या कंपनीकडे होता. नोव्हेंबर 2011 मध्ये टेनेटनं जर्मन सरकारला पत्र लिहून कळवलं की इतक्या जोडण्या वेळेत देण्याएवढा पैसा आणि साधनं आपल्याकडे नाहीत. बोर्कुम बेटाजवळचा रिफगाट प्रकल्प ऑगस्ट 2013 मध्ये तयार झाला, 30 पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पण केबलच्या मार्गात महायुद्धातला दारूगोळा सापडल्यानं केबल आली नाही. यंत्रं खराब होऊ नयेत म्हणून पवनचक्क्या डिझेलवर फिरवाव्या लागल्या! वीज ग्रिडमध्ये गेली ती 2014 च्या फेब्रुवारीत. आणि भरपाई? 2013 पासून ग्राहकांच्या बिलात त्यासाठी वेगळा अधिभार लागला. उशिराच्या अकराव्या दिवसापासून बुडालेल्या उत्पन्नाचे 90 टक्के प्रकल्पाला मिळणार, आणि त्यातला मोठा भार घराघरांतून गोळा होणार. आपल्याकडे हे होऊ द्यायचं का?

उत्तरवारा:
रोग बरोबर ओळखलात, औषध चुकलं. मी स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये याच क्षेत्रात काम करतो. ब्रिटननं 2009 पासून वेगळी वाट धरली. वीज बनवणाऱ्यानं केबलची मालकी ठेवायची नाही, हे कायद्यानंच ठरलं. पण बांधतो मात्र तोच, कारण केबल वेळेत आली नाही तर सर्वात जास्त नुकसान त्याचंच. बांधून झाल्यावर ऑफजेम हा नियामक खर्च तपासतो, अवाजवी वाटेल तो कापतो आणि स्पर्धात्मक बोलीतून ती जोडणी तिसऱ्याच कंपनीला विकली जाते. तिला ऑफ्टो म्हणतात. हॉर्नसी वन या समुद्रातल्या पवनप्रकल्पाची जोडणी 2021 मध्ये अशीच मित्सुबिशीच्या नेतृत्वाखालच्या गटानं घेतली. वारा पडला तरी ऑफ्टोचं उत्पन्न ठरलेलं असतं, पण केबल 98 टक्के वेळ उपलब्ध राहिली नाही तर उत्पन्न कापलं जातं. रिफगाटसारखा प्रकार इथे होणं अवघड, कारण ज्याची पवनचक्की तोच केबल टाकतो.

गलबत:
उशिराच्या बाबतीत ब्रिटन सरस, हे मान्य. पण पैशाचं काय? 2013 साली ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीनं याच पद्धतीवर कडक ताशेरे ओढले: गुंतवणूकदारांना 20 वर्षं महागाईशी बांधलेलं खात्रीचं उत्पन्न, जोखीम मात्र ग्राहकाच्या माथी. शिवाय प्रत्येक प्रकल्पाची आपापली केबल. इंग्लंडच्या नॉर्फकमध्ये किनाऱ्यापासून नेक्टनच्या उपकेंद्रापर्यंत सुमारे 60 किलोमीटर जमीन खणायचा बेत होता, आणि शेजारच्या दोन प्रकल्पांचा एकत्रित परिणाम सरकारनं विचारात घेतला नाही म्हणून उच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2021 मध्ये त्यातल्या नॉर्फक व्हॅनगार्ड या प्रकल्पाची परवानगी रद्द केली. पुढच्या वर्षी ती पुन्हा मिळाली, पण लोकांचा राग गेला नाही. 2022 मध्ये ब्रिटनला समुद्रातल्या जोडण्यांचा एकत्रित आराखडा करावा लागला. गुजरातमध्ये आपण तो पहिल्या दिवसापासून करू शकतो, आणि हे काम ग्रिड चालवणाऱ्याचं आहे.

हिशेबनीस:
नियोजन एकाकडे असावं याचा अर्थ मालकी एकाकडेच असावी असा होत नाही. देशात जमिनीवरच्या पारेषण वाहिन्या कित्येक वर्षं बोलीनं दिल्या जातात. मार्ग सरकारी यंत्रणा आखते, बोली पीएफसी नाहीतर आरईसी या वीजक्षेत्राला कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थांच्या कंपन्या लावतात, पॉवरग्रिडही खासगी कंपन्यांच्या रांगेत उभी राहते. मग समुद्रातच थेट का द्यायचं? बोली नसली की झालेला खर्च आणि त्यावर ठरलेला परतावा, दोन्ही वीजदरात जातात. खर्च वाचवायची ओढ राहत नाही. नियामक कितीही प्रामाणिक असो, तुलनेला दुसरा आकडा नसेल तर तो भाव तपासणार कसा?

उत्तरवारा:
हिशेबनीस, अगदी. पण देशात अजून समुद्रात एकही उपकेंद्र नाही. पहिल्या बोलीत कंपन्या अनोळखी जोखमीचा भाव लावतील आणि तो भयंकर असेल. म्हणून पहिली जोडणी पॉवरग्रिडनं बांधावी, पुढच्या बोलीनं द्याव्यात, हे मी समजू शकतो. कायमची मक्तेदारी मात्र नको.

सातपाटीकर:
तुम्ही सगळे बिलाचं बोलताय. मी जाळ्याचं बोलतो. मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मभोवती 500 मीटर जाता येत नाही, हे आम्ही सोसलंय. केबल वाळू सरकली की उघडी पडते, नांगर नाहीतर जाळं अडकतं. जाळं तोडलं तर हजारोंचं नुकसान, ओढलं तर बोटीला धोका. पवनचक्कीचा मालक एक, केबलचा दुसरा, आणखी कोणी तिसरा बसवलात तर नुकसानभरपाईसाठी कोळ्यानं जायचं कोणाकडे? केबल सरकारची असो की मित्सुबिशीची, किनाऱ्यावर एक कार्यालय हवं आणि केबल किती खोल पुरलीय याचे नकाशे दरवर्षी आमच्या मच्छीमार सोसायट्यांना मिळायला हवेत.

गलबत:
दादा, हा मुद्दा मी मांडायला हवा होता. परवान्याच्या अटींतच हे यायला पाहिजे.

हिशेबनीस:
परवान्याचंच निघालंय तर गलबत, तुमची अट पुन्हा तपासा. उशिराचा सगळा भुर्दंड कंपनीवर टाकलात तर दारूगोळा सापडला, वादळात काम थांबलं, त्याचेही पैसे तीच भरणार. मग कर्ज महाग होणार आणि ते व्याज तुमच्याच बिलात येणार. ब्रिटनमध्येही एका वर्षात उत्पन्नाच्या साधारण 10 टक्क्यांपलीकडे कपात होत नाही.

गलबत:
मर्यादा घाला, हरकत नाही. वादळ आणि दारूगोळा त्यातून वगळा, पण समुद्रतळाची तपासणी वेळेत आणि नीट केली होती हे कंपनीनं आधी सिद्ध करावं. कंत्राट उशिरा दिलं, जहाज उशिरा ठरवलं, अशा कारणांसाठी भागभांडवलावरचा परतावा कापला गेलाच पाहिजे. उशीर वाहिन्यांचा आणि भुर्दंड दुसऱ्याला, हे जमिनीवरही झालंय: राजस्थानात 2025 साली पारेषण अपुरं पडलं म्हणून सौर वीज बंद ठेवावी लागली. वाहिन्या रखडल्याची झळ प्रकल्पांनी सोसली.