मदत हवी आहे: बारावी फिजिक्स, आठ दिवसांवर टेस्ट

लेक बारावी सायन्सला आहे, स्टेट बोर्ड. पुढच्या सोमवारी फिजिक्सची २५ मार्कांची टेस्ट आहे, रोटेशनल डायनॅमिक्स आणि ऑसिलेशन्स. सूत्रं पाठ आहेत, सोडवलेली उदाहरणं वाचली की कळतात, पण कोरा कागद पुढे आला की गाडी अडते. रोज दोन तास मिळतात. ते कसे वापरावेत?

लंबक:
सोडवलेली उदाहरणं वाचणं, तिथेच घोटाळा आहे. पुढची ओळ समोर दिसत असते, म्हणून सगळं पटत जातं. उत्तर झाकून सोडवायला सांगा. अडलं तर एकच ओळ उघडायची, पुन्हा झाकायचं. जिथे उघडावं लागलं तिथे पेन्सिलीने खूण, आणि तेच गणित दोन दिवसांनी पुन्हा.

रोटेशनलमध्ये बहुतेक चुका आकृतीत होतात. बँकिंगचा (वळणावर बाहेरची कड उचललेला) तिरका रस्ता दिसला की अकरावीच्या सवयीने वजनाचे उताराला समांतर आणि लंब असे घटक पाडले जातात. पण गाडी इथे उतारावरून घसरत नाही, आडव्या वर्तुळात फिरते. त्वरण आडवं, केंद्राकडे. म्हणून वजनाला हात लावायचा नाही, घटक नॉर्मलचे (रस्ता गाडीवर लंब दिशेने लावतो ते बल, एन) पाडायचे: एन कॉस थीटा = एमजी, एन साइन थीटा = एम व्ही वर्ग भागिले आर. भागाकार केला की टॅन थीटा = व्ही वर्ग भागिले आरजी. जुन्या सवयीने गेलं तर एन = एमजी कॉस थीटा येतो आणि पुढे काही जुळत नाही. ही आकृती न बघता, बाणांसकट काढता आली की घर्षणाचं डेरिव्हेशन वेगळं पाठ करायला नको. एक बाण वाढतो इतकंच: कमाल वेगाला उताराच्या खालच्या दिशेने, किमान वेगाला वरच्या.

घातांक:
लंबक यांच्याशी सहमत. ऑसिलेशन्समध्ये मात्र एककं मारतात. २०० ग्रॅम वस्तुमान, स्प्रिंगचा स्थिरांक ८० न्यूटन प्रति मीटर. ०.२ किलो घेतलं तर ओमेगा (स्थिरांक भागिले वस्तुमान, त्याचं वर्गमूळ) २० येतो आणि आवर्तकाल ०.३१४ सेकंद. घाईत २०० च घातलं तर ९.९ सेकंद! इतक्या ताठ स्प्रिंगवरचं एवढंसं वजन एका फेरीला दहा सेकंद घेईल का? उत्तराखाली रेघ मारण्याआधी हा प्रश्न विचारायची सवय लावा.

दुसरा सापळा: याच स्प्रिंगचा आयाम (मध्यापासूनचं कमाल अंतर) ५ सेंमी असेल तर मध्यावर वेग ०.०५ गुणिले २०, म्हणजे १ मीटर प्रति सेकंद. मग २.५ सेंमीवर? निम्मा नाही, ०.८६६. तिथे गतिज ऊर्जा एकूण ऊर्जेच्या पाऊणपट असते.

घरंगळण्याच्या गणितांसाठी तीन आकडे पुरतात. एकूण गतिज ऊर्जा हवी तर नुसत्या सरळ गतीच्या ऊर्जेला रिंगसाठी २ ने, डिस्कसाठी १.५ ने, भरीव गोलासाठी १.४ ने गुणायचं.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. उत्तर झाकायची युक्ती आजपासूनच. सरावाला कॅल्क्युलेटर चालेल ना? वेळ वाचेल.

घातांक:
नको. बोर्डाच्या पेपरात लॉग टेबलच आहे, तर हात त्यावरच बसू दे. बार (पूर्णांकावरची आडवी रेघ, म्हणजे तेवढाच अंक उणे) असलेल्या लॉगवरून वर्गमूळ काढताना हमखास चुकतं. ०.३१४ चा लॉग बार १ पॉइंट ४९६९. याला सरळ २ ने भागायचं नाही, कारण उणे फक्त १ आहे, ४९६९ अधिकच आहे. बार १ ला बार २ करा, बदल्यात पुढे १ मिळवा: बार २ अधिक १.४९६९. आता निम्मं केलं की बार १ पॉइंट ७४८५ (शेवटचा अंक पूर्ण करून), अँटिलॉग ०.५६०. आणि हो, कोसाइनच्या टेबलात मीन डिफरन्स (उजवीकडच्या रकान्यांतली छोटी दुरुस्ती) वजा करायचा असतो, साइनसारखा मिळवायचा नाही.

लंबक:
शनिवारी घड्याळ लावून एक तासात २५ मार्कांचा पेपर लिहायला लावा. रविवारी नवीन काही नको, फक्त पेन्सिलीच्या खुणा.