मदत हवी आहे: श्रवणयंत्र लावणाऱ्या कानातला दगडासारखा मळ

कर्णनलिका जेमतेम अडीच सेंटीमीटर. मळ तयार होतो तो फक्त बाहेरच्या, कूर्चेच्या (मऊ हाडाच्या) भागात, आणि त्वचा बाहेर सरकता सरकता तोही आपसूक बाहेर पडतो. श्रवणयंत्राचा साचा (कानात घट्ट बसणारा भाग) दिवसभर बसला की ही वाटच अडते. त्यामुळे पडद्याजवळ दिसणारा मळ बहुधा ढकललेलाच असतो, साच्याने नाहीतर काडीने.

प्रश्न असा: पडदा शाबूत, कान वाहत नाही, मळ मात्र काळा नि घट्ट. रात्री यंत्र काढून सोडा बायकार्बचे थेंब, कुशीवर ५ मिनिटं, असं ३ ते ५ दिवस आणि मग ३७ अंशांच्या पाण्याने धुणं, हे ठीक. (पाणी गार किंवा गरम झालं की चक्कर आलीच.) पण सोड्याने त्वचा कोरडी पडून खाजते, आणि ऑलिव्ह तेल घातलं तर सकाळी ते साच्याच्या नळीत, रिसीव्हरच्या (यंत्रातल्या छोट्या स्पीकरच्या) जाळीत जाऊन बसतं, आवाज दबतो.

अशा कानाला तुम्ही काय देता? थेंबांनंतर साचा किती तासांनी घालायला सांगता? आणि मळ निघाल्यावर पुन्हा साठू नये म्हणून तेल आठवड्यातून कितीदा?

हुकासारखं अवजार वापरून मळ ओरबाडायचा नाही. नलिकेच्या आतल्या, हाडाच्या भागावरची त्वचा कागदासारखी पातळ असते. मळ काढायला कानात लावतात त्या मेणबत्त्या तर कृपया सुचवूच नका.