बुडालेल्या प्रोजेक्टचे किस्से येऊ द्या

चाललेल्या प्रोजेक्टबद्दल सगळेच बोलतात, इथे बुडालेल्यांचं लिहूया. कंपनीचं, क्लायंटचं नाव नको, पण माशी नेमकी कुठे शिंकली ते नीट येऊ द्या. सुरुवात मी करते.

जुनी बिलिंग सिस्टीम बदलायची होती. नवीन स्क्रीन मस्त झाल्या, क्लायंट खूश, आणि मग डेटा मायग्रेशनला, म्हणजे जुना डेटा नवीन सिस्टीममध्ये आणायला, हात घातला तर ढिगाने ग्राहकांची जन्मतारीख १ जानेवारी १९००, कारण जुन्या फॉर्ममध्ये तो रकाना रिकामा सोडताच यायचा नाही. ते एक वेळ चाललं असतं हो. पण 'शेरा' नावाचा एक रकाना होता त्यात ऑपरेटर मंडळींनी वर्षानुवर्षं 'याला दंड लावू नये', 'बिल भावाच्या नावाने' असलं काय काय लिहून ठेवलेलं, आणि महिनाअखेरीला ते वाचून हाताने बिलं दुरुस्त करायचे. म्हणजे खरे नियम तिथे आणि आमच्या रिक्वायरमेंटमध्ये त्यातला एकही नाही! दोन्ही सिस्टीम बरोबरीने चालवून बघितल्या, बेरीज कधी जुळलीच नाही, शेवटी नवीनच गुंडाळली. आता कुठलंही काम आलं की मी आधी शेऱ्याचा रकाना उघडते.

*

आमचं ९०% झालेलं. पुढे कित्येक महिने ९०%च. रिपोर्ट कायम हिरवा, कारण लाल दाखवला की रोज मीटिंग, मग काम कोण करणार. नवीन मॅनेजर आला, म्हणाला टक्के नकोत, चालवून दाखवा. लॉगिनच्या पुढे काही जाईना.

*

मेलेल्या कोडबद्दल कोणीच बोललं नाही अजून. नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनीचं प्रकरण वाचा, १ ऑगस्ट २०१२. वर्षानुवर्षं न वापरलेला कोड तसाच पडून होता, त्याचाच फ्लॅग (कोड चालू-बंद करायची खूण) नवीन फीचरला दिला, आणि ८ पैकी एका सर्व्हरवर नवीन कोड टाकायचा राहिला. फ्लॅग चालू झाल्याबरोबर तिथलं जुनं भूत उठलं, शेअरच्या ऑर्डरी धडाधड सुटल्या, ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर पाण्यात. आणि कहर म्हणजे निस्तरायला म्हणून त्यांनी बाकीच्या ७ सर्व्हरवरचा नवीन कोड काढून टाकला, म्हणजे भूत आता आठही ठिकाणी.

*

वरच्या प्रतिसादावरून आठवलं, आमच्याकडे रोलबॅकचा, म्हणजे गडबड झाली तर जुन्या व्हर्जनवर परत जायचा, प्लॅन कागदावर होता. कोड मागे आला, डेटाबेसची टेबलं मात्र नव्या रूपातच राहिली. जुना कोड बिचारा जो कॉलम शोधत होता तो उडालेला.

*

जरा वेगळं लिहितो. आमचा प्रोजेक्ट वेळेत, बजेटमध्ये, बग पण फारसे नाहीत. तरी बुडाला. स्टोअरमधले लोक दिवसभर आपल्या एक्सेलमध्येच नोंदी ठेवायचे, आणि साहेबांना रिपोर्ट लागतो म्हणून महिन्याच्या शेवटी एकजण बसून सगळं आमच्या सिस्टीममध्ये भरायचा. का म्हणून विचारलं तर म्हणे तिकडे पन्नास ओळी एकदम पेस्ट होतात, तुमच्यात दर वस्तूला सेव्ह दाबा, मग ओके दाबा. कागदोपत्री यशस्वी आहे बरं का हा, त्यामुळे या धाग्यात बसतो की नाही तुम्हीच ठरवा.