तंबू गळत नसावा

पाऊस नसतानाही सकाळी तंबू आतून ओला, म्हणजे कापड गळकं, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. चौघं रात्रभर आत श्वास सोडतात, ती वाफ गार कापडाला लागून थेंब धरते. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन गच्च लावल्या की झालंच! वरची खिडकी थोडी उघडी ठेवा. बाहेरचं कव्हर आतल्या कापडाला टेकू देऊ नका. नायलॉन भिजलं की सैल पडतं, त्यामुळे झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात (कुणी उठायचं, यावर ग्रुपमध्ये भांडण ठरलेलं).

विजेच्या बाबतीत मात्र चालढकल नको. चमक आणि गडगडाटात ३० सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. तंबू सोडा, गाडीत काचा लावून बसा.